बिनलॉकचा कालवा

१

रविवारचं जेवण आटोपलं, नेव्हिलनं पावाच्या तुकड्यानं ताटातली ग्रेव्ही पुसून खाल्ली, आणि टेबलावर नकाशा पसरला. जानेवारीत हे व्हायचंच. भरदुपारी दिवे लावायची वेळ आली, खिडकीच्या काचा घामेजल्या, की नँटविच या इंग्लिश गावातली निम्मी घरं उन्हाळ्यातली बोटीची सहल आखायला बसतात. काहीजण विमानानं स्पेनला जातात आणि उन्हानं लाल होऊन परत येतात. त्यांची हौस त्यांच्यापाशी. नेव्हिल, त्याची बायको थेल्मा, एकूणच ओलर्टन मंडळींची सुट्टी म्हणजे कालवा आणि नॅरोबोट. मध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकावेत इतकी अरुंद, आणि एखाद्या आगगाडीच्या डब्याएवढी लांब अशी ती बोट. माणूस चालेल त्याहून ती हळू जाते, आणि त्यातच सगळी मजा असते.

गेली दोन वर्षं मात्र हा नकाशा कपाटातच पडून होता.

"हा बघ," नेव्हिल म्हणाला. जन्मभर नळ-पाइपांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस, त्यामुळे नकाशावरही बोट असं फिरवायचा की जणू कुठे गळतंय ते शोधतोय. "अ‍ॅशबी. अख्खा कालवा म्हणजे शेतं, गाई, पूल. सगळा सपाट, आणि बोट चढवा-उतरवायचं लॉक एकही नाही."

"एकही?" थेल्मानं विचारलं.

"एकही नाही. आठवडाभर नुसतं सुकाणू धरून उभं राहायचं. तुझ्या गुडघ्यांनाही बरं."

"माझे गुडघे कशाला मध्ये घालतोस रे?"

"बरं, माझे गुडघे. मग तर झालं?"

गुडघे ना तिचे दुखत होते, ना त्याचे. दोघांनाही ते ठाऊक होतं. थेल्मानं ताटं गोळा केली.

स्वयंपाकघराचं दार हिवाळ्यात फुगून चौकटीत घट्ट बसायचं. दोन्ही हातांत ताटं असली की ती पाठमोरी व्हायची आणि कमरेनं जोराचा धक्का द्यायची, तेव्हा कुठे ते हलायचं. आजही तिनं तसाच धक्का दिला, आणि मागे काही लागलंच नाही. ती भेलकांडत आत गेली, वरचा काटा उडून फरशीवर पडला. दार सताड उघडं होतं.

"तू उघडलंस?" तिनं ओरडून विचारलं.

"मी कधी जागचा उठलो?" तिकडून नेव्हिल म्हणाला. "फुटलं का काही?"

"नाही."

तिनं काटा उचलला. एवढंच तर झालं होतं, दार उघडं होतं. जेवण वाढताना आपणच नीट लावलं नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि नळ सोडला.

२

विल्फचं नाव त्या दुपारी निघालं नाही, म्हणून ते इथंच सांगून टाकलेलं बरं.

विल्फ म्हणजे नेव्हिलचा थोरला भाऊ. रोडका, टोपीवाला, कमी बोलणारा. त्याची बायको डोरीन बोटीवर कधी आली नाही. "ज्या घराचा संडास डब्यात भरून रिकामा करायला न्यावा लागतो, त्या घरात मी राहत नाही," असं तिचं म्हणणं. त्यामुळे बोटीवर कायम तिघंच. नेव्हिल सुकाणूवर, थेल्मा चहा-खाण्याला, आणि विल्फ लॉकला.

कालव्याला उतार आला की तिथं लॉक असतं. दोन्ही टोकांना दारं असलेला विटांचा अरुंद, खोल हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, मग पुढच्या दारातल्या झडपा उचलायच्या. पाणी निघून जातं तशी बोट बसल्या जागी खाली खाली जाते, भिंती वर वर येतात, आणि पाणी समान झालं की पुढचं दार उघडून निघायचं. झडप उचलायला सुटं लोखंडी हँडल बसवून फिरवावं लागतं, तेव्हा दातेरी चाकावरून खिट्टी उडत राहते, टक, टक, टक. ज्यानं तो आवाज एकदा ऐकला तो विसरत नाही.

बोट पोचायच्या आत कुणीतरी काठानं चालत पुढं जायचं, लॉक काठोकाठ भरून घ्यायचं आणि दार उघडून उभं राहायचं, म्हणजे बोट न थांबता सरळ आत येते. याला लॉक लावून ठेवणं म्हणतात. विल्फला यातच सुख. दाराला बाहेर आलेली जाडजूड तुळई असते. नवखे लोक ती हातांनी रेटत बसतात. विल्फ तिला पाठ लावायचा, टाचा जमिनीत रोवायचा आणि पावलापावलानं उलटा चालत ते अवजड दार हलवायचा. मग शीळ घालायचा, एक सूर वर, एक खाली. लॉक तयार आहे, या.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. विल्फनं हँडल कमरेला खोचलं आणि काठावर उडी मारली. "पुढचं लावून ठेवतो. रेंगाळू नका."

"तू हो पुढं," थेल्मानं बोटीच्या टोकावरून हात हलवला. "आलोच मागोमाग!"

वळणाआड तो दिसेनासा झाला, आणि लगेचच 'रेड हेफर' नावाच्या पबासमोर बोट बांधायची जागा रिकामी दिसली. शनिवारी, पावसाच्या तोंडावर, पबाच्या दारात रिकामी जागा! कालव्यावरचा कुठलाही माणूस अशी जागा सोडत नाही. नेव्हिलनं बोट काठाला लावली, थेल्मानं दोर बांधला, आणि टपोरे थेंब पडायला लागले.

विल्फचा फोन बोटीतच चार्जिंगला लावलेला होता. थेल्मानं तो पाहिला होता.

"जाऊन सांगायला हवं त्याला," ती म्हणाली होती.

"बोट आली नाही की येईल परत, शिव्या देत. पाऊस तर कमी होऊ दे."

पाऊस कमी होईना. पबातल्या टेबलावर मटण भरून भाजलेली पाई आली, उकडलेले बटाटे आले. थेल्मा म्हणाली, एवढं खाऊन मी जातेच. मग सफरचंदाचा गोड पदार्थ आला, वर गरम गरम कस्टर्ड. तेही तिनं खाल्लं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं अख्खी नोकरी कस्टर्ड ढवळण्यात काढली होती, आणि आता त्याचा वास आला तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

अंधार पडता पडता दोघं छत्री घेऊन निघाले. लॉक काठोकाठ भरलेलं होतं. त्यांच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. पुढच्या बंद दारावरच्या निसरड्या फळीवरून पलीकडे जाताना त्याचा पाय घसरला असावा, असं नंतर पोलीस म्हणाले. टोपी तेवढी पाण्यावर होती.

"त्याला सांगितलं होतं का, तुम्ही पबात थांबताय म्हणून?" असं पोलिसांनी विचारलं, तेव्हा नेव्हिल म्हणाला, "हो. तरीही बघून येतो म्हणाला." थेल्मानं मान डोलावली. बस, तेवढंच. एक मान डोलावली तिनं.

३

फेब्रुवारीत बोट ठरली. हिरवी, लाल पट्ट्यांची, चार जणांच्या झोपायच्या सोयीची. नेव्हिल खुशीत होता. कुठल्या पुलाशी थांबायचं, पिण्याचं पाणी कुठं भरायचं, सगळ्याची आखणी चालली होती.

आणि दारं उघडी सापडू लागली.

थेल्मा बाजारातून यायची तर फाटक उघडं. कपडे वाळत घालायला निघावं तर मागचं दार उघडं, बटाटे आणायला जावं तर शेडचं उघडं. प्रत्येकाला काही ना काही कारण होतंच. पोस्टमन फाटक लावत नाही. शेडची कडी जुनी आहे. वारा. ती बाई काही भित्री नव्हती. दोनशे पोरांना रांगेत उभं करणारी बाई ती. तिनं मनाशी हिशेब मांडला आणि तिच्या ध्यानात आलं ते हे की दारं कशीही, केव्हाही उघडत नव्हती. ती ज्या दाराकडे निघालेली असायची तेच उघडं असायचं. नेव्हिलसाठी कधीच नाही. नेव्हिल बिचारा रोज स्वयंपाकघराच्या दाराशी खांदा लावून झटत होता.

"हे दार रंधून घ्यायला हवं," तो म्हणायचा. "तू कसं उघडतेस गं इतक्या सहज?"

"मी उघडत नाही," ती म्हणाली.

"मग काय, राणीसरकार आल्या म्हणून आपोआप उघडतं?"

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. थेल्मानं दाराची मूठ धरली आणि हात मागे घेतला. तळव्याला काळं, चिकट ग्रीस लागलं होतं. लॉकच्या दातेरी चाकाला थापलेलं असतं तसलं, साबणानंही लवकर न निघणारं.

"बिजागऱ्यांना तेल घातलंस का तू?"

"नाही बुवा. घालू का?"

"नको," ती म्हणाली, आणि बराच वेळ हात धूत राहिली.

त्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. दुपारी घर शांत असलं की भिंतीतून यायचा. टक, टक, टक. मध्ये थांबायचा, दम खाल्ल्यासारखा. मग पुन्हा टक, टक.

"पाइप," नेव्हिलनं निकाल दिला. "गरम पाणी गेलं की तांबं फुगतं. चाळीस वर्षं मी हेच ऐकत आलोय."

"हीटर बंद आहे, नेव्हिल."

त्यानं कान दिला. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, तिनं तो नीट पाहिला. मग त्यानं रेडिओ लावला.

४

मार्चमध्ये डोरीन चहाला आली. थोरली जाऊ. ठेंगणी, ठसठशीत, तोंडानं फटकळ. विल्फच्या अंत्यविधीला ती रडली नव्हती. रागावली होती. अजूनही रागातच होती.

"ऐकलं मी, बोट घेताय," तिनं कोट काढायच्या आधीच सुरुवात केली. "आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. मला कळलं कुणाकडून, तर केस कापणारीकडून!"

"अगं, तुला त्रास होईल म्हणून..." थेल्मा म्हणाली.

"मला कसला त्रास? मी येणार आहे."

नेव्हिलच्या हातातलं बिस्कीट चहात गळून पडलं. "तू? अगं, त्या संडासाचं काय?"

"नाक दाबून बसेन. तुला काय करायचंय?" डोरीन खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "तीस वर्षं म्हणत होता, डोरीन, एकदा चल. गेले नाही. आता त्याच्याशी भांडण मिटवायचं तर कुठं जाऊ? कबरीपाशी गेले की माझी नुसती तळपायाची आग मस्तकात जाते. धडधाकट माणूस! भावानं, भावजयीनं सांगितलंय की बाबा, आम्ही पबात थांबतो, तू ये. आणि हा पावसात लॉक बघायला जातो! एवढं काय होतं त्या लॉकात? गरम जेवण सोडून, मला सोडून..."

"डोरीन," थेल्मा म्हणाली.

"तो कबरीचा दगड कोरणारा मला विचारतो, नावाखाली 'प्रिय पती' घालू का? म्हटलं, काही नको. नाव घाला आणि सालं घाला. प्रिय असता तर घरी आला असता."

थेल्मानं चहाचा कप बशीत ठेवला. तिनं नेव्हिलकडे पाहिलं. नेव्हिल चमच्यानं बिस्कीट शोधत होता.

"जागा आहे ना बोटीत?" डोरीननं विचारलं.

"दोन जागा रिकाम्याच आहेत," नेव्हिल म्हणाला.

डोरीनला पोचवायला थेल्मा फाटकापर्यंत गेली. घराचं दार, मग फाटक, दोन्ही आधीच उघडी होती. डोरीन म्हणाली, "बरं आहे बाई तुमचं, चोरांना अगदी आवतण." आणि बसस्टॉपकडे गेली. थेल्मा तिथंच उभी राहिली. दारं कोण उघडून ठेवतंय आणि कशासाठी, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळलंय हे तिनं स्वतःपाशीही कबूल केलं नाही.

५

"आपण सांगून टाकू या तिला," तिनं आत येताच म्हटलं.

"काय सांगू या?"

"सोंग घेऊ नकोस. तू त्याचा भाऊ आहेस."

नेव्हिलनं नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आणि काय मिळेल तिला त्यातनं? आज त्याच्यावर रागावलीय, उद्या आपल्यावर रागावेल. तो जिवंत होणार आहे का? तो मेलेला माणूस आहे, त्याला राग सोसतो. आपल्याला सोसायचा नाही."

"तिनं दगडावर दोन शब्द घालू दिले नाहीत त्याच्या. आपल्यामुळे."

"कस्टर्ड तू पण खाल्लंस, थेल्मा."

हे तो बोलायला नको होता. बोलला आणि त्यालाही ते कळलं. थेल्मा जिना चढून वर गेली. तोंडावर पाणी मारावं, एवढंच मनात होतं.

बाथरूमचं दार उघडं होतं. टब काठोकाठ भरलेला होता. एक थेंब जास्त पडता तर पाणी फरशीवर आलं असतं, इतका नेमका. नळ बंद, कोरडा. पाणी थंडगार आणि किंचित तपकिरी. त्यावर एक पिवळं पडलेलं पान तरंगत होतं. आणि बाहेर तर झाडांना अजून कळ्याही फुटल्या नव्हत्या.

"नेव्हिल, टब तू भरलास?"

"आता, दुपारी?" खालून आवाज आला.

तिनं बाही सरसावून हात आत घातला आणि बूच ओढलं. पाणी हलेना. मग, भिंतीच्या आतून, टक, टक, टक, आणि पाणी एकसंध, गुपचूप खाली जाऊ लागलं. भोवरा नाही, गुरगुर नाही. पान तसंच सपाट, जागच्या जागी खाली गेलं. थेल्मा टबाच्या काठाला धरून बघत राहिली आणि तिच्या तोंडून हुंदका फुटला.

"विल्फ," ती म्हणाली, "सांगते रे मी. सांगते."

टकटक थांबली. पुढं बरेच दिवस घरातली दारं बंद राहिली, जशी चारचौघांच्या घरात राहतात. स्वयंपाकघराचं दारही फुगून घट्ट बसलं. आणि खरं सांगायचं तर, दिवस बरे जाऊ लागले, ऊन पडायला लागलं, आणि थेल्मानं डोरीनला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. बोटीवर निवांत सांगू. अंडी किती घ्यायची, पावसाळी बूट कुणाचे कुठे आहेत, डोरीनला कुठली गादी द्यायची, यात एप्रिल सरला.

६

निघायच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. डोरीन टॅक्सीनं आली, नवीन बूट घालून, हातात एक बॅग आणि बगलेत लायब्ररीतलं कालव्यांवरचं जाडजूड पुस्तक. नेव्हिल गाडीत सामान भरत होता. घराचं पुढचं दार त्यानं भिंतीपर्यंत उघडून ठेवलं होतं. पुढच्या खोलीत डोरीन सोफ्याच्या टोकावर बसली. तिनं पुस्तकाच्या एका पानात बोट घालून ठेवलं होतं.

"थेल्मा, बस जरा. एक विचारायचंय, आणि बोटीत बसल्यावर नाही, इथंच विचारायचंय."

थेल्मा बसली.

"महिनाभर मी हे वाचतेय. म्हटलं, निदान कळावं तरी तो काय करायचा ते." डोरीननं चष्मा काढला. "यात म्हटलंय, बोट येणार नसेल तर लॉक भरायचं नाही. पाणी फुकट जातं. भरलं असेल तर दार लावून ठेवायचं. उघडं कधी ठेवायचं? तर आपली बोट मागोमाग येत असेल तेव्हाच. खरं आहे का हे?"

"हो. खरं आहे."

"विल्फ दात घासतानासुद्धा नळ बंद करायचा. आणि त्या दिवशी लॉक भरलेलं होतं, दार उघडं होतं. तुम्हीच सांगितलंत तसं." तिची बोटं पुस्तकाच्या कडेवर फिरत होती. "मग मला सांग. त्याला माहीत होतं ना, तुम्ही येणार नाही म्हणून? सांगितलं होतंत ना तुम्ही त्याला? कारण नसेल सांगितलं, तर तो हट्टी नव्हता गं. तो नुसता तुमची वाट बघत होता. मग मी त्याला उगीचच... नसेल सांगितलं तर मी तुझ्यावर ओरडेन, दोन दिवस ओरडेन. पण मग त्या दगडावर ते शब्द घालून घेईन आणि एकदाची रडेन. मला रडायचंय गं, थेल्मा."

असा सरळ, असा सोपा प्रश्न माणसाला आयुष्यात फार वेळा कुणी विचारत नाही. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. थेल्माचं तोंड उघडलंही. तेवढ्यात दारात नेव्हिल दिसला, हातात खाण्याची टोपली. त्यानं सगळं ऐकलं होतं. फक्त त्याची मान हलली, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि त्याचे डोळे इतके केविलवाणे होते की तिला त्याची दया आली. त्याची आली, की स्वतःची, कोण जाणे.

"सांगितलं होतं," थेल्मा म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

डोरीननं तिच्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं. "असं," ती म्हणाली. "म्हणजे मूर्खच म्हणायचा." तिच्या चेहऱ्यावर जे काही उघडू पाहत होतं ते मिटून गेलं आणि तिनं चष्मा पुन्हा चढवला.

नेव्हिल टोपली घेऊन बाहेर गेला.

"थर्मास राहिला," थेल्मा म्हणाली. "आणते हं." तिला त्या खोलीत आणखी एक क्षणही थांबवेना.

ती हॉलमध्ये आली आणि खोलीचं दार तिच्यामागे मिटलं. हॉल कसला, लांब अरुंद बोळच तो. हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावेत. एका टोकाला उन्हात उघडं पुढचं दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं, बंद. बाहेर, गाडीपाशी, नेव्हिलची पाठ दिसत होती. तिनं थर्मासाचा विचार सोडला. बाहेर जावं, उन्हात उभं राहावं, नेव्हिलला म्हणावं की परत चल, आत चल, आपण दोघं मिळून सांगू तिला. ती दाराकडे वळली.

दार हलू लागलं होतं.

उघडलेलं दार आणि भिंत यांच्या सांदीत मांजरही मावलं नसतं. तिथून, दाराच्या कडेशी, एक पाठ दिसली. भिजून काळ्या पडलेल्या कोटाची पाठ, दाराला टेकलेली. खाली बुटाच्या टाचा, फरशीत रोवलेल्या. एक पाऊल मागे. मग दुसरं. दमानं, अंगाचा सगळा भार टाकून, उलटं चालत. घराचं दार असं कुणी लावत नाही.

"थांब," थेल्मा म्हणाली. "विल्फ, थांब, मी सांगते तिला, आत्ता सांगते..."

दार बसलं. बसताना लाकडावर लाकूड आपटल्याचा जड, ओला आवाज झाला. तिथं कुणी नव्हतं. फरशीवर टाचांच्या दोन ओल्या रेघा होत्या.

तिनं खोलीच्या दाराची मूठ धरली. हात ग्रीसवरून घसरला. तिनं दारावर मुठी मारल्या. "डोरीन! डोरीन, नव्हतं सांगितलं! आम्ही नव्हतं सांगितलं त्याला!"

आतून काही आलं नाही. किंवा आलं असेल, फार वरून, फार लांबून, "काय गं?" असं काहीतरी.

स्वयंपाकघराच्या बाजूनं टकटक सुरू झाली. टक, टक, टक, टक. आता दम खायला थांबत नव्हती.

पुढच्या दारावर अर्धगोल काच होती, तिच्यातून ऊन आत यायचं. थेल्मानं वर पाहिलं. काच नेहमी असते तिथं नव्हती. ती वर होती. मग आणखी वर. तिच्या हाताखालची दाराची मूठ सावकाश तिच्या खांद्यापर्यंत गेली, डोक्यापर्यंत गेली, हात पोचेना तशी सुटली. भिंतीवरचा कागद वर सरकत गेला आणि त्याच्या खालून विटा आल्या, शेवाळलेल्या, पाझरणाऱ्या. फरशी अजून फरशीच होती. ती फक्त खाली चालली होती, अगदी अलगद, बसल्या जागी. वर, नाण्याएवढ्या उजेडातून, नेव्हिल हाका मारत होता, "थेल्मा! चल ना! सगळं भरलंय, निघायचंय!"

मग टकटक थांबली. सगळं शांत झालं, पाणी समान झाल्यावर होतं तसं. स्वयंपाकघराच्या बाजूचं दार आपोआप, जड, सावकाश उघडू लागलं. पलीकडे स्वयंपाकघर नव्हतं. पावसाचा वास येत होता आणि संध्याकाळ होती.

आणि पुढून, वळणाआडून, शीळ आली. एक सूर वर, एक खाली.

इतक्या वर्षांची सवय. ओठ तिचे, पण त्यांना विचारतंय कोण. थेल्मा म्हणाली, "आलोच, मागोमाग."